चढता भाव आणि उतरणीची तारीख

२०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेले. येऊ घातलेल्या हंगामासाठी जाहीर झालेला हमीभाव होता ३,९५० रुपये. मुखेड, कंधार, उदगीर, अहमदपूर या सगळ्या पट्ट्यात तेव्हा चहाच्या टपरीपासून आडतीपर्यंत दुसरा विषय नव्हता. पण ज्यांच्या तोंडी हा भाव होता त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात सोयाबीनचा कट्टा उरलेला नव्हता. आदल्या वर्षी ऐन काढणीत पावसाने झोडपलेला माल दिवाळीच्या आगेमागे चार हजारांच्या आसपास देऊन शेतकरी मोकळा झाला होता. बी-खताची उधारी फेडायची होती, हरभरा पेरायचा होता, थांबायला वाव कुठे होता? दहा हजारांचा भाव आला तो माल दुसऱ्याच्या हाती गेल्यावर. आणि ऑक्टोबरात नवे सोयाबीन मोंढ्यात उतरेपर्यंत तो जवळजवळ निम्म्यावर आला.

हे आधी कुणालाच कळले नव्हते का, असा प्रश्न तेव्हापासून लोक विचारत आहेत. प्लॉटचे भाव थंडावले की विचारतात, शेअर कोसळले की विचारतात. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला तर हटकून विचारतात, कारण त्याने हे सांगायलाच हवे होते अशी त्यांची अपेक्षा असते. ती अपेक्षा मला रास्त वाटते. हे पुस्तक त्या प्रश्नाला दिलेले सविस्तर उत्तर आहे. थोडक्यात सांगायचे तर ते असे: भाव अवाच्या सवा झाला आहे की नाही, हे पुष्कळदा सांगता येते. तो कोणत्या महिन्यात उतरेल, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. मात्र तो उतरल्यावर कोण बुडेल, हे आधी सांगता येते, आणि या तिसऱ्या गोष्टीकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो.

सट्ट्याची तेजी कशाला म्हणायचे, हे आधी ठरवले पाहिजे, कारण प्रत्येक चढा भाव सट्ट्याचा नसतो. मी एक साधी कसोटी लावतो. ही वस्तू पुन्हा कधीच विकता येणार नाही असे ठरले, तर आज लोक तिला काय किंमत देतील? सोयाबीनमधून तेल निघते, पेंड निघते. शेअरवर लाभांश मिळतो. प्लॉटवर घर होते, दुकानाचे भाडे येते. या मिळकतीच्या हिशेबात भाव बसत असेल तर तो कितीही चढा असला तरी टंचाईचा भाव आहे. बसत नसेल, आणि उद्या आणखी कुणी जास्त देईल एवढ्याच भरवशावर उभा असेल, तर तो सट्टा. या कसोटीवर २०२१ च्या ऑगस्टचे सोयाबीन मला सट्टा वाटत नाही. जगभर खाद्यतेल महागले होते, देशातला शिल्लक माल आटला होता आणि कुक्कुटपालनवाले पेंडेसाठी टाहो फोडत होते. इतका की केंद्राने त्याच महिन्यात १२ लाख टन जनुकबदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. ऑक्टोबरात कच्च्या खाद्यतेलांवरचे मूळ आयातशुल्कही काढून टाकले. भाव पडायला ही कारणे होती, तशीच चढायलाही खरी कारणे होती.

सट्टा आला तो नंतर, आणि तो व्यापाऱ्याच्या गोदामात जितका होता त्याहून अधिक आपल्या माजघरात होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये ज्यांनी पाच हजारांत माल दिला नाही, त्यांना पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर सात हजारांच्या आसपास मिळाले. थांबणारा शहाणा ठरला. मग २०२२ च्या हंगामात गावोगाव कट्ट्यांच्या थप्प्या लागल्या. भाव साडेपाच हजारांवर असताना लोक म्हणत, दहा पाहिलेत, आठ तरी येतीलच. आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत भाव पाच हजारांच्याही खाली घसरला. २०२४ च्या काढणीत तर हमीभाव ४,८९२ असताना मोंढ्यात चार ते साडेचार हजारांत माल जात होता. दरम्यान थप्पीतले सोयाबीन वाळून वजनाला घटले, उंदरांनी कट्टे फोडले, उधारीवर व्याज चढत राहिले. हे कुणी मोजत नाही. मोजले तर पाच हजारांत विकलेला क्विंटल आणि दीड वर्षाने तेवढ्यालाच विकलेला क्विंटल यांत केवढी तफावत पडते, ते पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात मांडले आहे. शेतकऱ्याला लोभी म्हणणाऱ्यांनी ते प्रकरण जरूर वाचावे. त्याने जे केले ते आदल्या वर्षीच्या अनुभवावरून केले. अनुभव एकाच वर्षाचा होता, एवढाच त्यात दोष.

शेतमालाचे एक बरे असते: त्याची तेजी कधी संपेल याची खूण शेतातच उगवते. तुरीचे उदाहरण घेऊ. २०१५ हे दुष्काळाचे वर्ष. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, इतका तो कडक होता. त्या ऑक्टोबरात शहरांत तूरडाळ किलोला २०० रुपयांना भिडली आणि मोंढ्यात तुरीला कधी नव्हे ते दहा हजारांवर भाव मिळाला. २०१६ चा पाऊस चांगला झाला. आदल्या वर्षीचा भाव डोळ्यांपुढे ठेवून सगळ्यांनी तूर पेरली. देशाचे उत्पादन २५.६ लाख टनांवरून एका वर्षात ४८.७ लाख टनांवर गेले. बोनस धरून हमीभाव ५,०५० रुपये होता, तरी बाजारात तूर त्याखाली जात होती. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, आणि एप्रिल २०१७ मध्ये केंद्रे बंद करायची वेळ आली तेव्हाही तूर रांगेतच होती.

हे भाकीत अवघड नव्हते. पेरा वाढल्याचे जुलै-ऑगस्टमध्येच कृषी खात्याच्या आकड्यांत दिसत होते आणि तूर यायला जानेवारी उजाडणार होता. हाताशी पाच महिने होते. केंद्राचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने सप्टेंबर २०१६ मध्येच सरकारला सांगितले होते की येणाऱ्या कडधान्याची खरेदी युद्धपातळीवर करा, साठ्यावरची आणि निर्यातीवरची बंधने उठवा. म्हणजे ज्यांनी पाहायचे त्यांनी पाहिले होते, लिहूनही ठेवले होते. आज चढलेला भाव पाहून सगळे एकदम पेरतात, माल एकदम येतो, भाव पडतो, मग सगळे एकदम सोडून देतात. या फेऱ्याचा अभ्यास अर्थशास्त्रात १९३० च्या दशकापासून होतो आहे. तुरीच्या त्या पडझडीला मी आपत्ती म्हणायला तयार नाही. दिसत असलेली गोष्ट वेळेवर हाताळली गेली नाही, एवढेच तिचे वर्णन होऊ शकते, आणि त्याची किंमत ज्याने आकडे पाहिले नव्हते, ज्याला ते कुणी दाखवलेही नव्हते, त्याने मोजली.

सोयाबीनच्या बाबतीतही खूण होती. ऑगस्ट २०२१ मध्ये वायदेबाजारात ऑक्टोबरच्या सोयाबीनचा भाव चालू भावापेक्षा बराच खाली होता. नवा माल आला की भाव कुठे बसेल, याचा बाजाराचा अंदाज मोबाइलवर कुणालाही पाहता येत होता. त्याच वर्षी २० डिसेंबरला सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढत गेली. वायद्यांमुळे भाव भडकतात, ही त्यामागची भीती अगदीच निराधार नाही. २०१२ साली गवारीच्या वायद्यांत भाव कसे भडकले ते कुणी विसरू नये. पण सोयाबीनचे वायदे बंद झाल्याने शेतकऱ्याला पुढच्या महिन्यांचा जो एक उघड भाव दिसत होता तो नाहीसा झाला आणि थप्पी लावायची की मोडायची हे ऐकीव गोष्टींवर ठरू लागले. या निर्णयाने शेतकऱ्याचे नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या वस्तूला हंगाम नाही तिचे काय? इथे खरी अडचण सुरू होते, आणि ती समजून घ्यायला महाराष्ट्राजवळ जुना आणि भरघोस दाखला आहे. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. इंग्लंड हिंदुस्थानी कापसाकडे वळले. वऱ्हाड-खानदेशापासून गुजरातेपर्यंतचा कापूस मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला आणि चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशाला जागा हवी होती. मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला, आणि तोवर तिने विकण्याजोगी जमीन समुद्रातून काढलेलीही नव्हती. या सगळ्याच्या मध्यभागी शेअर दलाल प्रेमचंद रायचंद होते. बँक ऑफ बॉम्बे त्यांच्या शब्दावर शेअरच्या तारणावर कर्जे देत होती. त्या कर्जाने लोक आणखी शेअर घेत, त्यामुळे तारणाची किंमत वाढे, आणि त्या वाढीव किमतीवर बँक आणखी कर्ज देई.

युद्ध कधीतरी संपणार, हे मुंबईत कुणाला ठाऊक नव्हते? सगळ्यांना होते. संपले की अमेरिकेचा कापूस पुन्हा सुटणार, हेही ठाऊक होते. पण १८६२ मध्ये संपेल म्हणून बाजूला झालेला माणूस १८६३ आणि १८६४ मध्ये शेजाऱ्याला श्रीमंत होताना पाहत बसला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. मुंबईत शेअरचे जे वायदे झाले होते त्यांतल्या बहुतेकांच्या फेडीचा दिवस १ जुलै १८६५ हा ठरलेला होता. त्या दिवशी देणेकरी आणि घेणेकरी दोघांजवळही पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. पुढे ती बँक गुंडाळावी लागली आणि तिच्या बुडण्याची चौकशी करायला १८६८ मध्ये आयोग नेमला गेला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाची संपत्तीही त्यात गेली. प्राचीन शिलालेख वाचणारा, कुष्ठरोगावर औषध शोधणारा, मुंबईत ज्याच्या शब्दाला वजन होते असा तो माणूस. शहाणी माणसे अशा तेजीत सापडत नाहीत, असे म्हणणाऱ्याने हे नाव लक्षात ठेवावे.

त्या वायद्यांची जात आपल्याला परकी नाही. तालुक्याच्या गावी रस्ता रुंद होणार किंवा नवे कार्यालय येणार अशी वदंता उठली की शेजारच्या शेतात चुन्याच्या रेघा पडतात आणि इसार पावत्या फिरू लागतात. बाँडवर चार ओळी, दोन साक्षीदार, लाखभर इसार, उरलेले अकरा महिन्यांत देऊन खरेदीखत करायचे. घेणाऱ्याला प्लॉट नकोच असतो. तो तीन महिन्यांत तीच पावती दोन लाख वर घेऊन तिसऱ्याला देतो, तिसरा चौथ्याला. खरेदीखताचा दिवस उजाडतो तेव्हा सगळी रक्कम मोजायची पाळी शेवटच्यावर येते. कोपऱ्याचा प्लॉट, पूर्वेचे तोंड, पुढचा भाव यांवर चाललेल्या तासभराच्या बोलण्यात तिथे घर बांधून राहणार कोण, हे कुणी विचारत नाही. १८६५ च्या १ जुलैला मुंबईत जे झाले त्याची लहान आवृत्ती या पावत्यांवर दर काही वर्षांनी घडते, पण वर्तमानपत्रात तिची चार ओळींची बातमीही येत नाही.

अशा तेजीचे भाकीत करता येते का, यावर अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. २०१३ चे नोबेल ज्या तिघांना विभागून मिळाले त्यांतले युजीन फामा म्हणतात की आधी ओळखता येतील असे फुगे बाजारात असल्याचा पुरावाच नाही. रॉबर्ट शिलर म्हणतात की भाव मिळकतीच्या मानाने फार वर गेले की पुढच्या दहा-वीस वर्षांचा परतावा घटतो, आणि एवढे तरी आकडे सांगतात. दोघांना एकाच वर्षी एकच पारितोषिक मिळाले यात काही जणांना विसंगती दिसते. मला दिसत नाही. शिलर ‘किती’ विषयी बोलत आहेत, फामा ‘केव्हा’ विषयी. ५ डिसेंबर १९९६ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी शेअरबाजारातल्या अविवेकी उत्साहाबद्दल जाहीर शंका व्यक्त केली. त्यानंतर नॅसडॅक निर्देशांक तीन वर्षांहून अधिक काळ चढतच राहिला आणि मार्च २००० पर्यंत जवळजवळ चौपट झाला. मग कोसळला, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये १९९६ च्या त्या दिवशी होता त्याच्याही खाली गेला. शंका खरी ठरली, पण तिच्यावर विसंबून डिसेंबर १९९६ मध्ये मंदीचा सौदा करणारा माणूस केव्हाच दिवाळखोर झाला असता.

हार्वर्डचे रॉबिन ग्रीनवुड व आंद्रेई श्लायफर आणि त्यांचे सहकारी यांग यू यांनी अमेरिकी बाजाराच्या जुन्या आकड्यांतून असे ४० प्रसंग काढले की ज्यांत एखाद्या उद्योगाचे शेअर दोन वर्षांत दुपटीहून अधिक वाढले. त्यांतले २१ पुढच्या दोन वर्षांत ४० टक्क्यांहून अधिक कोसळले, बाकीचे नाही. निम्मे-निम्मेच म्हणायचे. पण जे कोसळले त्यांच्यात काही सामाईक लक्षणे सापडली: भावांची वाढलेली उलथापालथ, चढण्याचा वेग वाढत जाणे, आणि नव्या शेअरचा पूर. १८६४ च्या मुंबईत नव्या कंपन्यांचे जे पेव फुटले होते, ते या तिसऱ्या लक्षणाचे उदाहरण म्हणून कुठल्याही पुस्तकात घालता येईल.

आणखी एका प्रयोगाला मी या पुस्तकात पूर्ण प्रकरण दिले आहे. व्हर्नन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगांत माणसांना एक काल्पनिक शेअर विकायला-घ्यायला दिला. पंधरा फेऱ्या. दर फेरीला सरासरी किती लाभांश मिळणार हे सर्वांना माहीत, आणि शेवटच्या फेरीनंतर शेअरची किंमत शून्य, हेही माहीत. म्हणजे खरी किंमत साध्या गुणाकाराने निघत होती. तरी भाव तिच्या कितीतरी वर गेला आणि शेवटी कोसळला. त्याच माणसांना पुन्हा बसवल्यावर फुगा लहान झाला, आणि तिसऱ्यांदा भाव बहुतेक खऱ्या किमतीजवळ राहिला. अज्ञान हेच तेजीचे एकमेव कारण असते तर पहिल्याच खेळात असे व्हायला नको होते. प्रत्येकाला स्वतःचा हिशेब येत होता. दुसरा काय देईल, याचा अंदाज बांधताना ते फसले. आणि अनुभवाने शिकायला त्यांना तोच खेळ लगोलग तीनदा खेळायला मिळाला. आपल्या सोयाबीनवाल्याला २०२१-२२ ने जे शिकवले ते २०२२-२३ मध्ये उलटे निघाले, कारण दरम्यान आयातशुल्क, जगातले तेल आणि पाऊस हे सगळेच बदलले होते.

आता तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे बुडतो कोण याकडे येतो. ऑस्कर जोर्दा, मोरिट्झ शुलारिक आणि ॲलन टेलर यांनी १७ देशांचे सुमारे १४० वर्षांचे आकडे तपासले. शेअर आणि घरे यांची तेजी ज्या प्रसंगी कर्जावर उभी होती तिथे पडझडीनंतर त्या देशाची मंदी खोल गेली आणि लांबली. स्वतःच्या पैशाने झालेल्या तेजीत ज्याचे गेले त्याचे गेले, पण बाकी व्यवहार सावरला. मुंबईच्या तेजीचा शेवट १ जुलै १८६५ ला झाला असे इतिहासात लिहितात, पण माझ्या मते तो शेवट दहा वर्षांनी, सुप्यात झाला. कापसाच्या दिवसांत सावकाराने दख्खनच्या कुणब्याला हात सैल सोडून कर्ज दिले होते. भाव पडले, त्यातच इंदापूरकडे शेतसारा वाढला, आणि सावकाराने नवे कर्ज थांबवून जुने वसूल करायला घेतले. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जखते बाहेर काढून जाळली. हे लोण पुणे-नगरच्या गावागावांत पोचले, आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा त्यातून आला. बॅक बेचा शेअर त्या कुणब्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

म्हणून या पुस्तकात भाव कधी पडेल हे सांगणारे कोष्टक नाही, आणि तसे कोष्टक विकणाऱ्यांपासून वाचकाने दूर राहावे. त्याऐवजी तीन गोष्टी कशा वाचायच्या ते उदाहरणांसह दिले आहे. पेऱ्याचे साप्ताहिक आकडे, कारण ते पडझडीच्या कित्येक महिने आधी येतात. वस्तूची मिळकत आणि भाव यांचे प्रमाण, कारण ते प्लॉटलाही लावता येते आणि शेअरलाही. आणि तेजीतल्या खरेदीमागचे कर्ज. शेवटचे प्रकरण पूर्णपणे या तिसऱ्या गोष्टीवर आहे. आपल्याकडे ती नोंद सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात ‘बोजा’ म्हणून असते. बँकेचा, सोसायटीचा बोजा तिथे दिसतो. कृषी सेवा केंद्राची उधारी, आडत्याकडून घेतलेली उचल, इसारासाठी ओळखीत घेतलेले पैसे मात्र कुठेच दिसत नाहीत. नांदेड-लातूरच्या एखाद्या गावात पुढची तेजी येईल तेव्हा त्या न दिसणाऱ्या रकमा कशा शोधायच्या, कुणाला विचारायच्या आणि कोणत्या महिन्यात विचारायच्या, इथपासून ते प्रकरण सुरू होते.